वेगळी चूल

"ते स्वयंपाकघर काढून टाक," काकू म्हणाल्या. "त्या जागी मला एक मोठं कपाट दे. गाद्या-गोधड्या ठेवायला."

काकू वाईत होत्या. मी सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडे, ईस्ट बेमध्ये, त्यांच्या मुलाच्या जेवणाच्या टेबलापाशी बसले होते. आमची रात्र, त्यांची सकाळ. त्यांच्या मागे कुकरच्या शिट्या होत होत्या. पडद्यावर मी काढलेला नकाशा होता. मुलाच्या घरामागच्या अंगणात बांधायचं ७४९ चौरस फुटांचं छोटं घर: एक झोपायची खोली, एक बसायची, धरायला दांड्या असलेली न्हाणी, पूर्वेकडे दार, दाराशी तुळशीपुरती जागा. हे सगळं काकूंना पसंत होतं. नापसंत होता तो एका भिंतीलगतचा ओटा आणि त्यावरची चार वर्तुळं. नकाशात शेगडी अशीच दाखवतात, एक चौकोन आणि आत चार वर्तुळं.

"का हो काकू?"

"अगं, लोक काय म्हणतील? नवरा गेल्यावर पोराकडं गेली, आणि जाऊन वेगळी चूल मांडली!"

मुलगा हसला. सून हसली नाही. मी म्हणाले, "काकू, चूल काढली तर ते घरच राहत नाही. मग त्याला परवानगी मिळायची नाही."

"हे बरंय की," काकू म्हणाल्या. "आमच्याकडं चूल वेगळी झाली की घर मोडतं, आणि तुमच्याकडं चूल नसली तर घर होत नाही."

मी मूळची मिरजेची. स्थापत्यातला डिप्लोमा झाल्यावर चार वर्षं एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढले, आणि त्याहून जास्त वेळ एका महापालिकेच्या नगररचना विभागातल्या बाकावर काढला. कुठली महापालिका ते सांगत नाही. ज्यांनी असला बाक झिजवलाय त्यांना सांगायची गरज नाही. साहेब साईटवर गेलेत. साहेब मीटिंगला बसलेत. फाईल वर आहे. मार्जिन बरोबर, एफएसआय बरोबर, सातबारा जोडलेला, तरी फाईल हलायची नाही. मग कुणाचा तरी कुणाला तरी फोन जायचा आणि तीच फाईल जेवणाच्या सुट्टीनंतर सही होऊन खाली यायची. त्या बाकावर मी एवढंच शिकले की परवानगी माणसाकडून मिळते. म्हणून माणूस वाचायचा. साहेब कुठल्या गावचे, आडनाव काय, सोमवारी उपास असतो का, चहाच्या आधी भेटावं की नंतर. नकाशा वाचणारं कुणी असेल, हे माझ्या मनातही येत नसे.

लग्न होऊन कॅलिफोर्नियात आले तेव्हा एच-४ व्हिसावर काम करायची मुभा नव्हती. चार वर्षं घरी बसले. २०१५ साली नियम बदलला, काही अटींवर आमच्यासारख्यांना काम करता येऊ लागलं, आणि मी घरांचे नकाशे करणाऱ्या एका छोट्या ऑफिसात लागले. इथं लाकडी चौकटीचं, दोन मजल्यांपर्यंतचं राहतं घर असेल तर नकाशे काढायला आर्किटेक्टचा परवाना लागत नाही. ठरलेल्या बांधणीबाहेरचं काही केलं तर तेवढ्यापुरता इंजिनियरचा शिक्का घ्यायचा. सुरुवातीची दोन वर्षं न्हाणीघरं आणि डेक काढण्यात गेली. मग एडीयू आले.

एडीयू म्हणजे अ‍ॅक्सेसरी ड्वेलिंग युनिट. अमेरिकन लोक ग्रॅनी फ्लॅट म्हणतात, इन-लॉ युनिट म्हणतात. आमची मराठी गिऱ्हाइकं सरळ 'मागचं घर' म्हणतात. कॅलिफोर्नियातल्या बहुतेक वस्त्या 'एक प्लॉट, एक कुटुंब, एक घर' या हिशेबाने आखलेल्या आहेत. बर्कलीने असा नियम केला तो १९१६ साली. १९८२ पासून राज्याच्या कायद्यात दुसऱ्या घराला वाट होती, पण गावं त्या वाटेवर काटे टाकत. प्लॉट अमुक एवढा हवा, आणखी एक गाडी लावायला जागा हवी, शेजाऱ्यांसमोर सुनावणी हवी. २००३ साली सुनावणी गेली, बाकीचे काटे राहिले. २०१७ आणि २०२० साली लागू झालेल्या कायद्यांनी तेही बरेचसे उचलले. आता मागे आणि बाजूंना चार-चार फूट सोडले, उंची सोळा फुटांत राखली, तर अंगणातलं ८०० चौरस फुटांपर्यंतचं स्वतंत्र घर गावाला सहसा अडवता येत नाही. अर्ज पूर्ण असेल तर ६० दिवसांत निर्णय द्यायचा. नाही दिला, तर मंजूर झाला असं धरायचं.

या मंजुरीला कायद्यात 'मिनिस्टिरियल' म्हणतात. तो शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मी बॉसला विचारलं होतं, "याला मंत्र्याची सही लागते का?" तो अजून कधीकधी ते काढून हसतो. अर्थ बरोबर उलटा आहे. सही करणाऱ्याने स्वतःचं मत बाजूला ठेवायचं. घर नियमात बसतं का, एवढंच बघायचं. दिसायला बरं आहे का, शेजाऱ्याला खुपेल का, आत सासू राहणार की भाडेकरू की घटस्फोट घेतलेला भाऊ, हे विचारायचंच नाही.

पहिल्या काही अर्जांना मी जुन्या सवयीने एक पत्र जोडत असे. मालकाची आई एकटी आहे, गुडघे दुखतात, कृपया सहानुभूतीने विचार व्हावा. एका गावातल्या तपासनीस बाईंनी एकदा फोनवर शांतपणे सांगितलं, "हे पत्र मी वाचत नाही. वाचलं तर मला त्याचा विचार करावासा वाटेल, आणि तो मला करायचा नाहीये." मला ते त्या दिवशी फार कोरडं वाटलं. रात्री झोपताना वाटलं, हीच बाई त्या बाकासमोरच्या खुर्चीत बसली असती तर माझी चार वर्षं वाचली असती.

काकूंच्या चुलीचा प्रश्न मात्र सहानुभूतीने सुटणारा नव्हता. एडीयू कशाला म्हणायचं हे कायद्यात ठरलेलं आहे: राहायची, झोपायची, जेवायची, रांधायची आणि न्हाणी-संडासाची कायमची सोय ज्यात आहे ते. यातलं रांधणं वगळलं तर उरते ती अंगणातली खोली, आणि खोलीला राज्याचं संरक्षण नाही. तिला गावाचे जुने नियम लागतात. घरातल्याच एका खोलीचं ५०० चौरस फुटांपर्यंतचं 'ज्युनियर' एडीयू करता येतं, पण त्यालाही लहानसा का होईना ओटा आणि शेगडी लागतेच.

विचार करताना एक गंमत लक्षात आली. ज्या कायद्याने एका प्लॉटवर दुसरी चूल पेटू दिली नाही, त्याच कायद्याचा नातू आता दुसऱ्या चुलीशिवाय घर मानत नाही. दोघेही घरं मोजतात ती चुलीवरून. हे आपल्याला परकं नाही. गावाकडे जत्रेची वर्गणी चुलीमागे निघते. लग्नाचं आवतण चूलबंद असतं, म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायचीच नाही, सगळ्यांनी मांडवात यायचं. काकूंना मी हेच सांगितलं. "काकू, ही चूल सरकारी मोजणीपुरती. पेटवायची की नाही ते तुमचं तुम्ही बघा." त्यांनी थोडा वेळ विचार केला. "बरं," म्हणाल्या, "पण कपाट पण दे."

कपाट दिलं. जागा कुठून काढली ते विचारू नका, कारण ७४९ हा आकडा मोडायचा नव्हता. तेव्हा ७५० पासून गावाची विकासफी लागू शकत होती, म्हणून या भागातली कितीतरी मागची घरं ७४९ चौरस फुटांची आहेत. एक फूट लाजेखातर सोडलेला असतो. शाळांची फी वेगळी, ती ५०० च्या खाली नाही, वर मात्र चौरस फुटांच्या हिशेबाने भरावी लागते. ते ऐकून काकू म्हणाल्या, "मी कुठल्या शाळेत जाणार आहे आता?"

अशा अर्जात वीसेक पत्रकं असतात. प्लॉटचा नकाशा, घराचा नकाशा, चारी बाजूंची उंचीदर्शनं, छेद, पाया, छप्पर, भूकंपाच्या झटक्याला तोंड देणाऱ्या भिंती, ऊर्जेचा हिशेब. गिऱ्हाईक बघतं ते फक्त घराचा नकाशा. मला विचाराल तर सगळ्यात जास्त माणुसकी असते ती खिडकीच्या तक्त्यात. झोपायच्या खोलीच्या एका तरी खिडकीची चौकट जमिनीपासून ४४ इंचांच्या वर सुरू होता कामा नये. उघडल्यावर किमान २० इंच रुंद आणि २४ इंच उंच मोकळी जागा हवी, आणि एकूण मोकळं क्षेत्र तळमजल्यावर ५ चौरस फूट तरी हवं. रात्री आग लागली, दाराकडे धूर असला, तर झोपलेलं माणूस तिथून बाहेर पडलं पाहिजे आणि पाठीवर सिलिंडर बांधलेला जवान आत आला पाहिजे. काकूंची उंची पाच फूट. ४४ इंच म्हणजे त्यांच्या छातीशी. मी खिडकी २६ इंचांवर घेतली. मुलगा म्हणाला, "एवढी खाली? पलंग कसा लावायचा?" मी म्हटलं, पलंग दुसऱ्या भिंतीला लाव.

अर्ज ऑगस्ट २०२२ मध्ये गेला. आता सगळं ऑनलाईन असतं. बटण दाबायचं आणि वाट बघायची. बाक नाही, चहा नाही. सप्टेंबरात शेऱ्यांचं पत्र आलं. एकूण अकरा शेरे. त्यांपैकी दहा किरकोळ होते: इथं माप लिहा, तिथं धुराचा अलार्म दाखवा. सातवा शेरा दोन ओळींचा होता. प्लॉटच्या मागच्या हद्दीलगत पाच फूट रुंदीचं सार्वजनिक सेवांचं ईझमेंट आहे. बांधकाम त्याच्या बाहेर दाखवा.

ईझमेंट म्हणजे आपल्याकडच्या वहिवाटीच्या हक्कासारखं. जमीन तुमची, पण तिच्यावरून तारा-नळ नेण्याचा हक्क दुसऱ्याचा. पन्नासच्या दशकात या वस्तीचे प्लॉट पाडले तेव्हाच ते नकाशावर नोंदलं गेलं होतं. मालकाच्या टायटल रिपोर्टमध्येही होतं, नवव्या पानावर. तो रिपोर्ट माझ्या कॉम्प्युटरवर जुलैपासून पडून होता आणि मी तो उघडला नव्हता.

सातबाऱ्यात 'इतर अधिकार' असा एक रकाना असतो. मिरजेला असताना तो वाचल्याशिवाय मी पेन्सिल उचलत नसे; कूळ निघेल, बोजा निघेल, कुणाची तरी वाट निघेल, ही धास्ती कायम. इथं आल्यावर ती धास्ती गेली. राज्य चार फूट म्हणतंय ना, मग चार फूट, असं मी धरून चालले. राज्याचा कायदा गावाचे नियम मागे सारतो. जमिनीवर सत्तर वर्षांपूर्वी कुणाला दिलेला हक्क तो मागे सारत नाही. एवढं मला माहीत होतं, आणि तरी.

भिंत चार फुटांवर होती, छपराची वळचण तिच्याही पुढे एक फूट. वळचणीसकट सगळं ईझमेंटबाहेर आणायचं तर घर दोन फूट पुढे सरकवावं लागणार होतं. दोन फूट म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. प्लॉट ६० बाय १०० फुटांचा, सातबाऱ्याच्या भाषेत साडेपाच गुंठे. पण पुढच्या दोन फुटांत लिंबाचं झाड होतं. आधीच्या मालकाने लावलेलं, वर्षभर लिंबं देणारं. पायाची चर थेट त्याच्या मुळांतून जाणार होती.

मी त्या संध्याकाळी गाडीत बसून राहिले. मिरजेत असते तर काय करायचं ते मला ठाऊक होतं. साहेबाला शिव्या घालायच्या, सिस्टीमला शिव्या घालायच्या, कुणाचा तरी फोन शोधायचा. इथं शिव्या घालायला कुणी नव्हतं. त्या तपासनिसाने माझं आडनाव बघून शेरा दिला नव्हता. त्याने नववं पान वाचलं होतं, मी वाचलं नव्हतं. परवानगी माणसाकडून मिळत होती तेव्हा चूकही त्या माणसाच्या अंगावर ढकलता येत होती. तेवढी एक सोय त्या बाकावर होती.

मुलाला फोन करून सांगितलं. तो गप्प राहिला, मग म्हणाला, "आईला झाडाचं सांगू नकोस. तिनं फोटोत बघितलंय ते." वीसपैकी चौदा पत्रकं मी पुन्हा काढली, अर्थात बिनपैशांची. फेरअर्ज ऑक्टोबरमध्ये गेला, परवाना नोव्हेंबरच्या शेवटी हातात आला. पायाची चर खणून झाली तेव्हा डिसेंबर सरत आला होता.

त्या वर्षीचा डिसेंबर-जानेवारी कॅलिफोर्नियात कुणी विसरलेलं नसेल. एरवी दुष्काळाच्या गोष्टी सांगणाऱ्या या राज्यावर समुद्रावरून वाफेच्या नद्याच वाहत आल्या, एकामागून एक, तीन आठवडे. चर तुडुंब भरली. पंप लावून पाणी उपसायचं, की पुन्हा पाऊस. एका कोरड्या सकाळी इन्स्पेक्टर आला. साठीचा माणूस, गुडघ्यापर्यंत रबरी बूट. पायातल्या सळ्या मातीपासून तीन इंच सुटलेल्या हव्यात, म्हणून त्या कव्हर ब्लॉकवर ठेवल्या होत्या. त्याने वाकून एका सळीवर बोट फिरवलं आणि मला दाखवलं. बोटावर गाळ. "चिखलाला काँक्रीट धरत नाही," म्हणाला, "धुवा, वाळू द्या, मग बोलवा." तपासणीच्या कार्डावर सही न करता निघून गेला. दोन महिने आधी खणली असती तर ही चर खटखटीत कोरडी असती, हे त्याला सांगून काही उपयोग नव्हता.

पुढे कार्डावर एकेक सही चढत गेली. पाया, जमिनीखालचे नळ, चौकट, तारा, इन्सुलेशन, जिप्सम बोर्डाचे स्क्रू. आपल्याकडे जोत्याचं प्रमाणपत्र मिळालं की पुढच्या तपासणीपर्यंत सुस्कारा टाकतात. इथं भिंत बंद करण्याआधी तिच्या आत काय आहे ते दर वेळी उघडं करून दाखवावं लागतं.

एक गोष्ट मी या घरापासून करायला लागले. कायदा शेजाऱ्याला विचारायला सांगत नाही, कळवायलाही नाही. मागच्या घरात एक म्हातारं जोडपं राहतं. कुंपणापलीकडे अचानक सोळा फुटी छप्पर उभं राहणार. हा निकाल शेजाऱ्यांच्या हातात दिला असता तर काय झालं असतं ते राज्याने वर्षानुवर्षं बघितलंय, म्हणून तो हक्क काढला तेच बरं. पण हक्क नाही म्हणून सांगायचंही नाही, असं थोडंच आहे. मी मुलाला आणि सुनेला नकाशाची प्रत घेऊन पाठवलं. ती दोघं लिंबंही घेऊन गेली, झाडाची शेवटची. त्या आजोबांनी एकच विचारलं, खिडकी आमच्याकडे आहे का? नव्हती.

२०२३ च्या दिवाळीआधी शेवटची सही झाली. काकू आल्या. गृहप्रवेशाला नव्या शेगडीवर दूध उतू घातलं आणि ती शेगडी लगेच पुसून झाकून ठेवली. "जेवायला मी तिकडंच येणार," त्यांनी सुनेला बजावलं.

संक्रांतीला तिळगूळ द्यायला गेले. पुढच्या घराची बेल वाजवली, कुणी येईना. दारातून आत बघितलं तर ओट्यावर सुनेचा लॅपटॉप उघडा, शेजारी चहाचा कप. सगळी मागे होती. काकू भाकरी थापत होत्या, मुलगा जमिनीवर बसून जेवत होता, तव्यावर मिरच्या भाजल्या जात होत्या आणि कुणालाही ठसका लागत नव्हता.

झालं होतं असं. पुढच्या घरातला शेगडीवरचा पंखा जुना, धूर ओढून पुन्हा खोलीतच सोडणारा. काकूंनी पहिल्याच आठवड्यात लसणाची फोडणी दिली आणि घरातले तिन्ही अलार्म किंचाळले. नव्या घराला मात्र इथल्या ऊर्जा नियमांप्रमाणे स्वयंपाकाची हवा नळीने थेट बाहेर नेणारा पंखा लागतो. त्या नळीची रेघ मीच काढली होती, केवळ शेरा येऊ नये म्हणून. ठेचा मागे, मग भाकरी मागे, मग हळूहळू सगळा स्वयंपाकच मागे.

"काकू, झाली ना वेगळी चूल?" मी विचारलं.

"वेगळी कसली," काकू म्हणाल्या. "एकच आहे. मागं गेलीय फक्त." मग सुनेकडे बघून, जरा हळू आवाजात, "तिलाही बरंच पडलं."

सून या वेळी हसली.

२०२३ च्या एका कायद्याने गावांना अशी घरं वेगळी विकू देण्याचीही मोकळीक दिली, आणि सॅन होजेने २०२४ मध्ये ती वापरायला घेतली. म्हणजे वेगळी चूल आता वेगळी विकता येईल. काकूंना मी हे अजून सांगितलेलं नाही.

त्या पत्त्यावर आता गावाच्या दफ्तरी दोन घरं आहेत. दुसऱ्याच्या दारावर 'बी' असं अक्षर आणि तुळशीची कुंडी. दोन स्वयंपाकघरं, दोन शेगड्या, आठ वर्तुळं. त्यांतली कुठली पेटते, हे विचारणारा रकाना अर्जात नाही.